सापडलेले नाणे दाखवायचे कुणाला?

मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : गढ्या, पडके वाडे आणि शेतजमिनी येथे धातुशोधक यंत्राने चाललेला जुन्या नाण्यांचा शोध.



विषयाची ओळ सरकारी वळणाची झाली आहे, पत्र तसे होऊ नये असा प्रयत्न आहे. मी नाणी जमवतो. धंदा नाही, हौस. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि आता आसपासच्या तालुक्यांतले लोक सापडलेली नाणी वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. पूर्वी नांगराच्या फाळाला लागलेले नाणे शेतकरी रुमालाच्या गाठीत बांधून आणायचा. ओट्यावर ठेवायचा, चहा प्यायचा, 'कोणत्या राजाचं हाय?' एवढे विचारायचा आणि बऱ्याचदा नाणे देव्हाऱ्यात ठेवायला परत न्यायचा. आता पंचविशीतला मुलगा येतो. नाणे खिशातच ठेवून मोबाइलवर फोटो दाखवतो. पहिला प्रश्न, "सर, ह्याचे किती येतील?" दुसरा, "कुणाला सांगणार नाही ना?"

पहिल्या प्रश्नाचे मला वावडे नाही. जुन्या वस्तूला किंमत असते आणि ती विचारण्यात पाप नाही. हे पत्र दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मार्च २०२५ मधल्या बातम्या आपण वाचल्या असतील. संभाजीराजांवरचा 'छावा' चित्रपट येऊन जेमतेम महिना झाला होता. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली आणि रात्रीच्या रात्री माणसे बॅटऱ्या, मोबाइलचे दिवे, चाळण्या घेऊन रानात उतरली. काहींच्या हातांत धातुशोधक यंत्रेही होती. संभाजीराजांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटले हा इतिहास आहे. त्यातला माल साडेतीनशे वर्षे हमरस्त्याच्या कडेला प्रेक्षकांची वाट पाहत पडून राहिला असेल, हा मात्र तिकीटबारीवरचा इतिहास. त्या बातम्यांना आपल्याकडे लोक हसले. मला हसू आले नाही, कारण तेच आपल्याकडे गाजावाजा न होता, महिनोन् महिने चालू आहे. गडांवर थोडे, कारण तिथे ट्रेकर असतात, संवर्धनाची मंडळी असतात, कुणीतरी हटकते. जास्त चालते ते गढ्यांवर.

मुंबईत बसून गढी डोळ्यांसमोर यायची नाही, म्हणून दोन ओळी. नगर, सोलापूर, मराठवाडा, खानदेश या पट्ट्यात गावोगाव देशमुख-पाटलांच्या, जहागीरदारांच्या गढ्या आहेत. खाली घडीव दगडांचे जोते, कोपऱ्यांना बुरूज, वर पांढऱ्या मातीच्या पुरुषभर जाडीच्या भिंती. आत वाडा, बळद, कोठार, आड. यातल्या बहुतेक आज ओस आहेत. वारस पुण्या-मुंबईला, सातबाऱ्यावर पन्नास नावे, आत बाभळी. कित्येक गढ्या मुळात जुन्या वस्तीच्या पांढरीवरच उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांच्या पोटात पेशवाईच्या खाली बहामनी काळ, त्याखाली यादव आणि कुठे कुठे थेट सातवाहन, असे थर असतात. ही माती धाब्यावर टाकायला चांगली आणि शेताला खत म्हणूनही चांगली. पिढ्यान् पिढ्या गाड्या भरून ती नेली गेली, पुढे ट्रॅक्टर आले, मग जेसीबी आला. तेव्हा गढ्यांचा नाश यंत्रवाल्या पोरांनी सुरू केला असे मी म्हणत नाही. उरलेसुरले ते संपवत आहेत, एवढेच.

केंद्र आणि राज्य या दोघांच्या संरक्षित स्मारकांच्या याद्या एकत्र केल्या तरी आकडा काही शेकड्यांचा होतो. महाराष्ट्रात गावे ४० हजारांहून अधिक. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले ११ आपले. आनंद झाला, पेढे वाटले. बहुतेक गढ्यांचे नाव मात्र कोणत्याच यादीत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. ओस गढीच्या दारात साधी पाटीही नसते.

एक गढी मी जवळून पाहिली ती सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. तीन मुले होती. एक औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर, दुसऱ्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान, तिसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. वर्गणी काढून मशीन ऑनलाइन मागवलेले. वागायला नम्र, मला 'सर' म्हणत आणि बसायला दगड पुसून देत. चकती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवायची, कुईं वाजले की खुरप्याने उकरायचे. त्या दुपारी बैलाच्या पायाच्या नालेचा तुकडा निघाला, बाटलीची दोन बुचे निघाली, दाराची बिजागरी निघाली, शिशाची एक गोळी निघाली. आणि मग हिरवा थर चढलेली एक तांब्याची शिवराई निघाली.

सापडल्या सापडल्या तिच्यावर थुंकून एकाने अंगठा घासला. सगळेच असे करतात. घरी गेल्यावर चिंच किंवा लिंबू लावतात आणि तांबे नव्या घागरीसारखे लखलखीत करून आणतात. तो हिरवा थर नाण्याचे कवच असते हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. मी ती हातात घेतली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरे काठाबाहेर गेलेली, शिवराईवर नेहमी असते तसेच. एका बाजूला 'श्री' पुरता, 'राजा' अर्धा, 'शिव' मधला वेलांटीचा बाक. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि खाली 'पति'चा प. वळण उशिराचे दिसत होते. शिवराई काही एकट्या शिवछत्रपतींच्या काळात पडली असे नाही. त्याच नावाने ती एकोणिसाव्या शतकापर्यंत पडत राहिली, म्हणून नुसत्या नावावरून काळ सांगता येत नाही.

काळ सांगू शकला असता तो खड्डा. हातभर खोल, कडा ताज्या कापलेल्या. त्या कडेला मातीत एक काळा पट्टा स्पष्ट दिसत होता, बोटभर जाडीचा, राखेचा आणि जळक्या लाकडाचा. त्याच्या वर सारवलेल्या जमिनीच्या तपकिरी रेघा एकावर एक. गढी कधीतरी पेटली होती आणि नंतर लोकांनी तिथेच पुन्हा घर केले होते. मी विचारले, "नाणं राखेच्या वर होतं की खाली?" तिघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच्या आधीच्या दोन खड्ड्यांतून निघालेली नाणी औषधाच्या एकाच डबीत होती. कोणते कुठले हे त्यांना सांगता येईना. राखेच्या वर असते तर आग नाण्याच्या आधीची, खाली असते तर बहुधा नंतरची. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा पुण्याकडे आल्या, त्या धामधुमीत देशावरची किती गावे जळाली. त्यामागोमाग दुष्काळ आला, पेंढारी आले. त्या गढीची आग यांपैकी कुणाची, की आणखी जुनी? उत्तर त्या कडेवर लिहिलेले होते आणि नाणे ही त्यावरची तारीख होती. तारीख काढून डबीत टाकली गेली.

मुलांना हे समजावले तर समजले. स्पर्धा परीक्षावाल्याने तर लगेच फोटो काढला. मग त्याने विचारले, "सर, हे नेऊन द्यायचं म्हटलं तर कुठं द्यायचं?" मी कायद्यात लिहिले आहे ते सांगितले, जिल्हाधिकारी. तो हसला. त्या हसण्याला मजजवळ उत्तर नव्हते.

महोदय, आता कायद्याबद्दल. देशात आजही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतानाचा. त्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय, किती, कुठे, कधी हे सगळे लिहायचे आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचे. १८७८ चे दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांचे चांदीचे रुपये. आजचे दहा रुपये म्हणजे कटिंग चहा. त्या काळी एखादे सुटे नाणे कायद्याच्या खालून निघून जायचे. आज एक अंकुशी रुपया सापडला तरी माणूस जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जायला बांधील आहे. कळवले नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय त्याचा हिस्सा सरकारजमा. यंत्राचा त्यात उल्लेख नाही, असणार कसा? अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असले यंत्र जुळवले ते १८८१ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला. गोळी काही सापडली नाही. कायदा यंत्राहून तीन वर्षांनी मोठा आहे.

पण याच कायद्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही. ठेव्याचा मालक पुढे आला नाही, आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा! सरकारला तो ठेवा संग्रहालयासाठी हवा असेल तर सरकारने धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मोजून तो घ्यायचा. 'सापडलं की सरकार नेतं' ही गावोगावची समजूत मूळ कायद्यात नाही. ती अनुभवातून आली आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला नांगरताना पितळी लोटी लागली, आत चांदीची नाणी. तो सरळ मनाने ती घेऊन एका कार्यालयात गेला. तिथल्या माणसाने लोटी पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "बाकीची कुठे ठेवलीस?" पुढे त्याला किती हेलपाटे पडले ते सांगत बसत नाही. त्या गावातून पुन्हा कुणी काही घेऊन गेले नाही, एवढे मला ठाऊक आहे. सराफाची मूस असे काही विचारत नाही.

किमतीचा भागही हास्यास्पदच आहे. सोन्याला धातूची किंमत अधिक पाचवा भाग हे ठीक. तांब्याच्या शिवराईला हा हिशेब लावला तर वडापाव येत नाही. आणि इतिहासाला तांब्याचेच काम जास्त पडते, कारण सोने ठेवीत राहते आणि बाजारात फिरतो तो तांब्याचा पैसा.

मार्च २०२१ मधले चिखलीचे प्रकरण आपल्या विभागाच्या कागदांत असेलच. पिंपरी-चिंचवडमध्ये बांधकामाच्या जागेवर मजुराला भांडे सापडले. २१६ सोन्याची नाणी, वजन दोन किलो ३५७ ग्रॅम, मोहम्मद शाह बादशहाच्या काळातली असल्याचे सांगण्यात आले. ती घरात दडवली गेली, कुणीतरी खबर दिली, पोलिसांनी जप्त केली. सोने वाचले हे चांगले झाले. पण कल्पना करा, त्या मजुराला त्याच दिवशी कुणी सांगितले असते की कायदा तुझ्या बाजूने तीन हिस्से ठेवतो, तर त्याने काय केले असते? आणि भांडे जागेवर असतानाच कुणी जाणकार तिथे पोचला असता तर आपल्याला दोन किलो सोन्याच्या जोडीला आणखी काय मिळाले असते?

काय मिळते त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. नाशिकजवळ गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला, १३ हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, तीन कमानींची टेकडी एकीकडे आणि उज्जयिनी चिन्ह दुसरीकडे. म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या कारकिर्दीत कोरवलेल्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, वंश निखंदून काढल्याचे म्हटले आहे. आईने मुलाचे गोडवे गायले, इतिहासकार त्यावर किती विसंबणार? जोगळटेंभीने साक्ष दिली. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचा पैसा हजारोंनी आपल्या शिक्क्याखाली आणला होता. आता हाच ठेवा आजच्यासारखा फुटला असता तर? चारशे नाणी पुण्याच्या जुन्या बाजारात, हजारभर मुंबईत, उरलेली मुशीत. कुणाच्या हाती एखादे दुहेरी ठशाचे नाणे लागले असते आणि त्याने ते टाकसाळीतली गंमत म्हणून दुप्पट भावाने विकले असते. तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण कुणालाच दिसले नसते. साक्ष प्रमाणाची होती.

उलटा दाखला दायमाबादचा. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी, एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. भारतीय पुरातत्त्वाच्या कुठल्याही पुस्तकात ती चित्रे असतात. नंतर तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, थर उलगडले, पण त्या चार वस्तू मात्र त्या उत्खननात थरातून निघालेल्या नव्हत्या. म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद पडला. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली गेली, तिला उत्तरे दिली गेली. त्या माणसाचा यात कणभर दोष नाही, त्याच्यामुळे त्या वस्तू जगाला दिसल्या. पण सापडण्याच्या क्षणाची नोंद एकदा हुकली की पुढची पन्नास वर्षे तिची किंमत चुकवावी लागते.

मग यंत्रांवर सरसकट बंदी घालावी का? माझ्या परिचयाचे बरेच अभ्यासक तसे म्हणतात. मला ते पटत नाही. बंदी आली की दिवसा खणणारी ही तीन मुले घरी बसतील आणि रात्री खणणाऱ्यांना रान मोकळे मिळेल. रात्रीच्या मंडळींची परंपरा यंत्राहून फार जुनी आहे. पायाळू माणूस, डोळ्यात अंजन, अमावस्या, हंड्यावर वेटोळे घातलेला नाग. त्यातून नरबळीपर्यंत प्रकार गेले आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या नावाखालचे अघोरी प्रकार स्वतंत्रपणे नमूद करावे लागले. आता त्याच भगतांच्या हातात मशीन आले आहे. 'वीस फूट खोलवरचं सोनं स्क्रीनवर दाखवतो' असल्या जाहिरातींवर लाखभर रुपये घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. विज्ञान इतकेच सांगते की चकतीतल्या प्रवाहामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते, धातूत त्याने प्रवाह उमटतो आणि यंत्र तो टिपते. रुपयाएवढे नाणे वीतभर खोलीपर्यंत कळते, मोठे भांडे त्याहून खोल. शिवाय आपली जमीन काळ्या पाषाणाची, लोहखनिजाने भरलेली. तिच्यावर साधे मशीन रिकामेच कुरकुरत राहते. वीस फूट म्हणजे निव्वळ थाप. ही थाप उघड करणारी एक जाहिरात आपल्या विभागाने दिली तरी कितीतरी घरे वाचतील.

बंदीऐवजी काय, याचे एक उत्तर इंग्लंडने दिले आहे. ते देश म्हणून आदर्श आहेत असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडून नेलेल्या वस्तूंनी त्यांची संग्रहालये भरली आहेत, तो हिशेब वेगळा. पण शेतातल्या नाण्यांच्या बाबतीत ते शहाणे झाले. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफोक परगण्यात हॉक्सन इथे एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने यंत्र असलेल्या मित्राला बोलावले. हातोडी शोधताना रोमन सोन्या-चांदीचा ठेवा लागला, सुमारे १५ हजार नाणी आणि दागिने. त्या मित्राने थोडे काढले, ठेवा मोठा आहे हे दिसताच हात आखडला आणि कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ हजर. पेटीत काय कसे रचले होते तेही त्यामुळे कळले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्याने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. हातोडीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्यानंतर १९९६ चा नवा कायदा आला आणि १९९७ पासून सुट्या सापडणाऱ्या वस्तूंच्या नोंदीची योजना सुरू झाली. परगण्यापरगण्यात नोंद-अधिकारी, चाळीसच्या आसपास. लोक आपल्या वस्तू घेऊन येतात, अधिकारी पाहतो, मोजतो, फोटो काढतो, जागा लिहून घेतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. दहा लाखांहून कितीतरी अधिक नोंदी अशा जमल्या. २०१० मध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोम इथे एका यंत्रवाल्याला मडके लागले. त्याने वरची काही नाणी पाहिली, माती परत लोटली आणि फोन केला. आत ५२,५०३ नाणी निघाली, दीडशे किलोंवर वजन. ती मडक्यातून थराथराने काढली म्हणून कळले की सर्वांत नंतरच्या राजाची बहुतेक नाणी कितीतरी जुन्या नाण्यांपेक्षाही खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षे साठवलेली ही पुंजी नव्हे, सगळे एकदम ओतलेले. आणि एवढे वजन उचलले तर मडके फुटले असते, तेव्हा आधी मडके पुरले आणि मग भरले. कुणी देवाला वाहिले असेल काय, इथपर्यंत चर्चा गेली. एका माणसाने हात आवरला म्हणून ही चर्चा शक्य झाली. तिथेही रात्री चोरून खणणारे आहेत आणि या योजनेने हावेला प्रतिष्ठा दिली असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. तरीही सज्जन माणसाला तिथे जायला दार आहे.

आपल्याला नोंद-अधिकाऱ्यांची फौज परवडणार नाही, हे मला कळते. गरजही नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. विद्यापीठांत पुरातत्त्वाचे विद्यार्थी आहेत. आणि माझ्यासारखी निवृत्त, नाण्यांच्या नादी लागलेली माणसे जवळपास प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरी आहेत. तहसील कार्यालयात महिन्यातून एक दिवस ठरवा, जुन्या वस्तू दाखवायचा. त्या दिवशी जो येईल त्याला 'बाकीची कुठे ठेवलीस' असे विचारले जाणार नाही, याची लेखी हमी द्या. सुटे नाणे असेल तर फोटो, वजन, गट क्रमांक, किती खोल, कशाच्या शेजारी, एवढे लिहून घ्या आणि नाणे त्याला परत करा. सोबत विभागाच्या शिक्क्याची पावती द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तूच ठरते, म्हणजे आजीच्या कुंकवाच्या पेटीतला राणीछाप रुपयासुद्धा. विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, परदेशी पाठवता येत नाही, हे त्याच पावतीच्या मागे छापा. लोकांना कायदा माहीत नाही, कारण त्यांना समजेल अशा मराठीत तो त्यांच्यापर्यंत गेलेलाच नाही.

ठेवा असेल तर मात्र हात लावायचा नाही, जागेवर झाकायचा आणि फोन करायचा. हे लोक करतील, पण दोन अटींवर. माणूस दोन दिवसांत आला पाहिजे आणि पैसे वर्षाच्या आत हातात पडले पाहिजेत. किंमत धातूच्या भावाने नको, नाण्याच्या भावाने. १८७८ चा कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हातात नाही हे मान्य. कायद्यातल्या रकमेवर राज्याने स्वतःचे बक्षीस ठेवायला अडचण येऊ नये. आणि संग्रहालयात त्या नाण्यांखालच्या पट्टीवर सापडणाऱ्याचे नाव लिहा. यात खर्च शाईचा. माझा अनुभव असा आहे की गावातल्या माणसाला या ओळीचे मोल पैशांहून फार कमी वाटत नाही.

गढी आणि पांढर यांच्याबाबतीत मात्र मी कठोर आहे. तिथे यंत्र नकोच, हौशीचे नको आणि वारसाचेही नको. नांगरलेल्या शेताचा वरचा थर आधीच उलटापालटा झालेला असतो. तिथे नांगराच्या खोलीपर्यंत कुणी मालकाच्या परवानगीने शोधले आणि नोंद केली तर फारसे बिघडत नाही, उलट मिळतेच काही. गढीच्या पोटात एक खड्डा म्हणजे शंभर वर्षे खरवडली जाणे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली गढी, आपले पांढरीचे टेकाड एका वहीत लिहावे, गट क्रमांकासह, चार फोटोंसह. संरक्षित स्मारक करायला दशके लागतात, वही करायला एक ग्रामसभा पुरते. जेसीबीवाल्यालाही मग कुणीतरी हटकेल.

एक घाईची गोष्ट. रब्बी निघाली की नांगरट सुरू होते आणि नाणी वर येतात ती त्याच दोन-तीन महिन्यांत. परिपत्रक त्याच्या आधी निघाले तर यंदाचा हंगाम हाती लागेल. एकच पान असावे. तीन हिस्से आणि एक हिस्सा हे ठळक टाइपात, फोन नंबर त्याहून ठळक. तलाठी कार्यालयात लावा, सोसायटीत लावा, बाजार समितीत लावा आणि सराफांच्या दुकानांत न चुकता लावा, कारण मूस तिथे असते. पानाचा मसुदा मी करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने मागवला तर त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
एक हौशी नाणेसंग्राहक,
अहिल्यानगर जिल्हा